ढगातलं बिऱ्हाड

शिक्रापूर,
बुधवार, २० मे

प्रिय सुदर्शन,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून आधी तुझ्या छातीत धस्स झालं असेल. घाबरू नको, इथं सगळे ठणठणीत आहेत. आणि दुसरं म्हणजे मी शब्द मोडलेला नाही, तेव्हा उगाच गुरुजींसारखं तोंड करून बसू नको. आबांनी काय सांगितलं होतं ते जसंच्या तसं आठव. "मेंढरं दिवाळीनंतर निघतील ती जून लागायच्या आत घरला येतील. तवर एकमेकांना फोन करायचा न्हाई, मोबाइलवर लिवायचं न्हाई, कुणाच्या तोंडी निरोप धाडायचा न्हाई. मेंढरं घरला आल्यावर दोघांची मनं तिथंच असली तर लग्नाचं बघू." झालं. कागद, पेन आणि पोस्टाबद्दल आबा एक अक्षर बोलले नाहीत. ही पळवाट मला पौषातच सुचली होती, पण लबाडी वाटली म्हणून गप्प बसले. आज का लिहितेय, ते शेवटी सांगते. पान उलटून आधी शेवट वाचू नको, मला माहीत आहेत तुझ्या सवयी.

तो दिवस आठवला की मला अजून हसू येतं. तू कडक इस्त्रीचा शर्ट घालून न्हावऱ्याला आमच्या ओसरीत कांद्याच्या पिशवीवर बसला होतास, कारण खुर्ची एकच होती आणि ती तुझ्या आप्पांना दिली होती. आप्पांनी पारगावाहून शेवंतीची भरली पाटी आणली होती. भीमेच्या अलीकडं आम्ही, पलीकडं तुम्ही. आमची मेंढरं दर साल तुमच्या शेतात बसायला यायची, त्यांच्या लेंड्यांवर तुमची शेवंती पोसायची, आणि मेंढरांमागं काठी घेऊन मी यायचे. एवढ्या वर्षांची ओळख, तरी त्या दिवशी सगळे पाहुण्यासारखे बसले होते. शेवटी आबाच म्हणाले, "तुमी माती धरून ऱ्हाणारी माणसं, आमी हलती. आन् आता तर पोरगं बंगळुराला चाललं. लांब गेल्यावर माणूस कुणाचं ऱ्हातंय ते कळू द्या." धनगराची पोरगी माळ्याच्या घरात कशी द्यायची, हे भावकीतले चारदोन जण बोलले. आबा ते बोलले नाहीत. त्यांची भीती एवढीच, की तू लांब गेलास की विसरशील. आणि खरं सांगू, त्यांची भीती बघून मलाही थोडी लागली होती.

आता तुझ्या त्या नंबरची हकीकत ऐक. तू किती कौतुकानं केला होतास! मेंढक्यानं फोन लावायचा, आपण कुठल्या गावाजवळ आहोत ते बोलायचं, की जवळपास कुणाला शेतात मेंढरं बसवून हवी आहेत ते तुझ्या आवाजात ऐकू यायचं. शेतकऱ्यानंही त्याच नंबरवर फोन करून आपलं गाव सांगायचं. आबांना ते फार आवडलं होतं, तोंडानं बोलले नाहीत ती गोष्ट वेगळी. पण शहाण्या, तू ते ठेवलंस कुठं? फुलांच्या शेडमध्ये, क्रेटांच्या मागं, तुझ्या जुन्या लॅपटॉपवर! तुझ्या आईनं, आमच्या मावशींनी, धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर शाल पांघरली होती. दसऱ्याला झेंडूचा हार घातला होता. पण माघात शेडमध्ये नवा पंखा आला, बोर्डावर जागा नव्हती, आणि मावशींनी लॅपटॉपची पिन काढली. मी विचारलं तर म्हणाल्या, "आगं, रिकामंच गरम व्हत होतं, बंद केलं म्या." त्यांच्यावर काय चिडणार? तुझ्यावर मात्र मनसोक्त चिडले.

आबा तेव्हा मुळशीच्या पुढं होते. त्यांच्याबरोबरच्या माझ्या भावानं, संपतनं, तिकडून मला फोन केला, की नंबर मुका झालाय आणि आबा सगळ्या तळावर ऐकवतायत, "सुदर्शनचं यंत्र सुदर्शनसारखंच. घर सुटलं का बोलती बंद." ते माझ्या इतकं जिव्हारी लागलं म्हणून सांगू! तू बिचारा दिलेला शब्द पाळून गप्प, आणि त्याच गप्प बसण्याचा इथं तुझ्यावर ठपका. मी तेव्हाच ठरवलं, हा नंबर तुझ्या लॅपटॉपशिवाय, तुझ्याशिवाय, कुठूनही बोलला पाहिजे. तो मुका राहिला असता तर आबांच्या मनातली भीती खरी ठरली असती. आणि गंमत बघ, ज्यानं ते लिहिलं त्याला एक प्रश्न विचारायची मला सोय नाही! मी आपली खराडीच्या ऑफिसात बसून स्क्रीनवरची बटणं रंगवणारी. मला त्यातलं काय कळतंय?

तरी रविवारी पारगावला गेले आणि लॅपटॉप उचलून शिक्रापूरच्या खोलीवर आणला. मावशींनी पिशवीभर वांगी दिली वर. लॅपटॉप उघडला आणि डोक्याला हात लावला. 'नवीन', 'नवीन शेवटचं', 'खरंच शेवटचं', 'आता हात लावू नको' अशा नावांच्या फायली! यातली चालते कुठली, ते तुला तरी सांगता आलं असतं का? शेवटी सापडली. माझ्या लॅपटॉपवर टाकली तर ढिम्म. तुझा प्रोग्राम तुझ्याच घरातल्या दहा गोष्टींवर विसंबून होता. ही लायब्ररी जुनीच पाहिजे, ती फाइल डेस्कटॉपवरच पाहिजे. सासुरवाशिणीनं माहेरच्या विहिरीचंच पाणी पाहिजे म्हणून हटून बसावं, तसलं ते. माझी रूममेट अंकिता कंपनीत हेच काम करते. ती म्हणाली, हे सगळं एका कंटेनरमध्ये भर. त्याला जे जे लागतं ते त्याच्याबरोबर बांधून टाक, म्हणजे कुठल्याही मशीनवर उतरव, ते तसंच चालेल.

हे मी न्हावऱ्याला आईला सांगितलं, तेव्हा ती आधी हायवेवर उभ्या असतात तसल्या कंटेनरच्या ट्रकचाच विचार करत होती आणि लायसन कधी काढलंस म्हणून विचारत होती. मग मी नीट सांगितलं. म्हटलं, आई, तू घोड्यावर बिऱ्हाड लादायचीस ना? चूल, पीठ, मीठ, काडेपेटी, दोर, सगळं एका लादणीत. कुणाच्याही शेतात उतरलो तरी कुणापुढं काडी मागायला जायला नको, लगेच भाकरी. तसंच हे. आणि मशीनही आपली नाही, भाड्याच्या क्लाउडमधली, म्हणजे ढगातली. फोन आला की ती तेवढ्यापुरती उठणार, काम करणार, परत झोपणार. रिकामी गरम होत बसणार नाही, मावशींची तक्रारही मिटली. आईला हे पटलं. गुडघ्यामुळं ती आता घरीच असते, पण लादणीचा विषय निघाला की तिचे हात आपोआप गाठी मारायला लागतात. म्हणाली, "मागं काय ठिवू नको बरं. तळ हलवला की माघारी फिरून बघायचं, खुटीबी ऱ्हाता कामा न्हाई."

सुदर्शन, मी अगदी तसंच केलं आणि तिथंच घोटाळा झाला. धनगराच्या पोरीचाच घोटाळा, दुसऱ्या कुणाला जमला नसता. लहानपणी तळ हलताना एक दोर विसरला म्हणून आईनं मला भर उन्हात माघारी पिटाळलं होतं, ते अंगात भिनलेलं. मी तुझ्या लॅपटॉपवरचं काही म्हणजे काही मागं ठेवलं नाही. जुन्या चाचण्या भरल्या. तू आधी बांधून मोडलेलं सगळं भरलं. बोली ओळखायला शिकवायची म्हणून तू तळातळावर फिरून मेंढक्यांचे आवाज गोळा केले होतेस ना, ते सगळे भरले. अगदी त्यातल्या कुत्र्यांच्या भुंकण्यासकट. एवढं करून ते ढगात चढवलं, तर पहिल्यांदा चालूच होईना. अंकितानं बघितलं आणि म्हणाली, तुझ्या लॅपटॉपच्या चिपची जात वेगळी, तिथल्या मशीनची वेगळी, त्या जातीसाठी बांधून दे. मी म्हटलं, घ्या, इथंपण जात आडवी आली! आम्ही दोघी इतक्या हसलो, की वरच्या खोलीतला बिहारी भैया खाली येऊन "क्या हुआ दीदी" विचारून गेला. ते मात्र सोपं निघालं, एक ओळ बदलून काम झालं. माणसांचंही एका ओळीत भागलं असतं तर तुला त्या दिवशी कांद्याच्या पिशवीवर ताटकळावं लागलं नसतं.

मग चालू झालं, पण उठायला इतका वेळ! एवढं ओझं घेऊन झोपेतून उठायचं म्हणजे काय. फोन लागला तरी पलीकडं नुसती शांतता. आणि आपले आबा! तुला त्यांची फोन करायची रीत माहीत आहे. दोन रिंगा द्यायच्या आणि कट करायचा. बॅलन्स वाचवायच्या दिवसातली सवय, आता फोन फुकट झाले तरी हाडात मुरलेली. ज्याला आपली कदर आहे तो परत फोन लावेल, असा त्यांचा सरळ हिशोब. तूच म्हणायचास, आबांचा मिस्ड कॉल म्हणजे कोर्टाचं समन्स, हातातलं काम टाकून आधी फोन लावायचा. लॅपटॉप सदा जागा होता, त्यामुळं दोन रिंगांच्या आत बोलायचा. आता हे ढगातलं डोळे चोळत उठेपर्यंत आबा कट करून मेंढरांमागं गेलेले असायचे. संपत सांगायचा, "आबा म्हंतात, आधी मुकं होतं, आता बहिरंबी झालं."

नाकी नऊ आले माझ्या. अंकितानं एकदा भरलेलं सगळं उपसून बघितलं आणि विचारलं, "अगं बाई, भाकरी झाल्यावर तू डब्यात परात आणि तवापण भरतेस का?" मग डोक्यात उजेड पडला. बांधायला लागणारं सामान एका बाजूला केलं आणि शिजून तयार झालेलं तेवढंच लादणीत घेतलं. मेंढक्यांचे आवाज माझ्याकडं जपून ठेवले, पण बरोबर पाठवले नाहीत. ते काढताना जीव तुटला रे, त्यात रांजणगावच्या रंगुबाई आजीची ओवी होती. तुझा आवाज मात्र ठेवला. तो काढला असता तर बोललं कोण असतं? ओझं उतरल्यावर तुझं यंत्र चटकन उठायला लागलं. तरीपण दोन रिंगांना ते कमीच पडायचं. शेवटी मी हट्टच सोडला. म्हटलं, आबा बदलायचे नाहीत, यंत्रानंच बदलावं. आता कुणी दोन रिंगा देऊन कट केला, की ते स्वतः उठून परत फोन लावतं आणि तू म्हणतोस, "राम राम, सुदर्शन बोलतोय. कुठल्या शिवारात आहात?"

पहिल्यांदा असा परत फोन गेला तेव्हा आबा कोकणात भाताच्या खाचरांत तळ टाकून होते. संपतनं मला नंतर सगळं सांगितलं. फोन वाजला, आबांनी उचलला, तुझा आवाज ऐकला आणि ताठ उभे राहिले. म्हणाले, "लावला रं पोरानं माघारी फोन." संपतनं समजावलं, की तो सुदर्शन नाही, यंत्र आहे, आपल्या धनश्रीनं बनवलंय. आबा म्हणाले, "मला कळतंय, मी काय खुळा न्हाई." पण त्या दिवसापासून शेताचं विचारून झालं की ते फोन लगेच ठेवत नाहीत. "बरा हाईस का? तिकडं भाकरी मिळती का न्हाई?" असं विचारतात आणि मग ठेवतात. यंत्राला ते कळत नाही. ते म्हणतं, "क्षमा करा, हे गाव सापडलं नाही." आबा म्हणतात, "आसूं दे, आसूं दे." वहिनी हसून लोळते म्हणे.

आता एक माझंही सांगते. मीही त्या नंबरला फोन करायचे. चाचणी म्हणून. मेंढरं नसलेल्या माणसाला इतक्या चाचण्या कशाला लागतात, असं अंकिता विचारायची, पण ती आगाऊच आहे. दोन रिंगा द्यायचे, कट करायचे आणि फोन वाजायची वाट बघायचे. राम राम, सुदर्शन बोलतोय. हायवेवरच्या ट्रकांच्या गोंगाटात बसची वाट बघत उभी राहून मी तेवढंच ऐकायचे. फोन यंत्राला केला, तुला नाही, त्यामुळं शब्द शाबूत आहे. पण तुझी फार आठवण आली रे. ऐकून झाल्यावर तर जास्तच यायची.

मधे आणखी एक भानगड झाली. चैत्रात घाट चढताना घोड्याला पाणी पाजायला आबा ओढ्यात वाकले आणि खिशातला फोन पाण्यात गेला. सिम कुणाच्या नावावर होतं ते कुणालाच आठवेना, म्हणून संपतनं सरळ नवा नंबर घेतला. मला यंत्रातही आबांची नोंद बदलावी लागली. बाकी प्रवास चांगला झाला. तुझ्या नंबरमुळं यंदा आमची मेंढरं एकाही मुक्कामाला बिनबोलावता उतरली नाहीत, आणि आबा हे दुसऱ्या मेंढक्यांना मुद्दाम थांबवून सांगतात. सांगताना म्हणतात, "आमच्या सुदर्शनचं यंत्र हाय." आमच्या, बरं का. हे ऐकलं तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. मला वाटलं, जिंकलो आपण.

आणि आता हे पत्र का, ते ऐक. गेल्या शनिवारी आबा कोरेगाव भीमाला पोचले. नदीकाठच्या एका शेतात तळ पडला, मी इथून दशमी घेऊन भेटायला गेले. मी चहा गाळत होते. आबांनी संपतकडं तुझा नंबर मागितला. यंत्राचा नाही, तुझा खराखुरा. संपत म्हणाला मी लावतो, तर म्हणाले, "दे हिकडं." अंगठ्यानं एकेक आकडा दाबला, फोन कानाला लावला, दोन रिंगा ऐकल्या आणि कट केला. मग फोन मांडीवर ठेवून नदीकडं बघत बसले. मेल्या, तो होकार होता! आबा हो म्हणायला बोलत नाहीत, दोन रिंगा देतात. आणि तुझ्याकडं दिसला असेल एक अनोळखी नंबर, दोनदा वाजून बंद पडलेला. तू समजला असशील कर्जवाले नाहीतर क्रेडिट कार्डवाले. तेव्हापासून आबा दिवसातून दहादा संपतला विचारतात, "चार्जिंग हाय का ह्याला? रेंज हाय का हितं?" काल मी परत गेले तर फोन पालथा घालून ठेवला होता. म्हणाले, "यंत्र लावतंय गं माघारी फोन. पोरगं न्हाई लावत." मला ओरडून सांगावंसं वाटलं की त्याला कळलंच नाही, आबा, तुमचा नंबर नवा आहे. सांगितलंही. तर म्हणाले, "ज्याचं मन हाय त्यो कुणाचाबी फोन आसंल तरी बघतो." त्यांना समजावून उपयोग नाही आणि मेंढरं न्हावऱ्याला पोचेपर्यंत मी तुला फोन करू शकत नाही. तूही मला करायचा नाहीस. पण आबांना करायचा नाही असं कुणी कधीच म्हटलेलं नाही. सोबतच्या चिठ्ठीवर त्यांचा नवा नंबर लिहिलाय. हा कागद हातातून खाली ठेवायच्या आत फोन लाव. आणि दोन रिंगांवर सोडू नको, उचलेपर्यंत वाजू दे. उचलला की राम राम म्हण, यंत्रात म्हणतोस तसंच म्हण. ते विचारतील, बरा हाईस का, भाकरी मिळती का. या वेळी त्यांना उत्तर दे.

तुझीच,
आणि आता तुझ्या एका फोनावर अडलेली,
धनश्री